केरेर म्हणजे पाहिजे

केबिनमधून बोलावणं आलं तेव्हा मला वाटलं, कालच्या पत्रातली चूक शेटजींना सापडली. पण टेबलावर पत्र नव्हतं. एक जाडजूड पुस्तक होतं, आणि शेटजी माझ्याकडे बघून गोड हसत होते. शेटजी गोड हसले की समजायचं, कुणालाच नको असलेलं काम आता आपल्या गळ्यात पडणार.

"तुम्ही इंग्रजीचे बी.ए. ना हो?"

"हो."

"मग हे घ्या. दिवाळीपर्यंत स्पॅनिश शिकून टाका."

एखादी फाइल निकालात काढायला सांगावी, त्याच सुरात त्यांनी हे सांगितलं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. धुळ्याच्या बाहेर, आग्रा रोडला लागून आमचा शेतीचे पाइप बनवायचा कारखाना होता आणि मी तिथला पत्रव्यवहार बघणारा कारकून. शेटजींनी स्पेनहून नवं मशीन मागवलं होतं. ते उभं करून द्यायला जो इंजिनिअर येणार होता, त्याला स्पॅनिशशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. मुंबईहून दुभाषा आणायचा तर तो हॉटेलात उतरणार, नाश्त्याला ऑम्लेट मागणार. त्यापेक्षा घरचा माणूस बरा, असा शेटजींचा विचार. वर मला धीर देत म्हणाले, "अहो, एबीसीडी तीच आहे. अर्धं काम तर तिथंच झालं तुमचं!"

मी तिथल्या तिथे हात जोडायला हवे होते. पण पुढे ते जे बोलले, त्यानं ते राहूनच गेलं. मशीनच्या करारात म्हणे असं होतं, की इथला एक माणूस सहा महिने स्पेनला जाऊन काम शिकून येईल. कोणाला न्यायचं ते येणारा साहेब इथं राहून, माणसं बघून ठरवणार. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा भार त्यांच्यावर.

तोवर माझा सगळ्यात लांबचा प्रवास मुंबईचा, तोही मेव्हण्याच्या साखरपुड्याला. आणि आता स्पेन! मला जायचं होतं. आयुष्यात दुसरं काही इतकं हवंसं वाटल्याचं मला आठवत नव्हतं, अगदी लग्न ठरतानासुद्धा नाही. आणि आत एवढी उलथापालथ चाललेली असताना मी तोंडानं काय म्हणालो? "बघू या शेटजी, साहेबांच्या मनात येईल ते. आपलं काय!"

आपलं काय! हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वापरलंय, की त्याच्यावर माझं नाव कोरायला हरकत नाही.

असो. पुस्तक घेऊन घरी आलो. इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं पुस्तक होतं आणि त्यातलं पहिलं मोठं क्रियापद होतं 'केरेर'. केरेर म्हणजे पाहिजे असणं. खाली त्याची सहा रूपं दिलेली. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते; प्रत्येकाला वेगळं. किएरो, किएरेस, किएरे, केरेमोस, केरेइस, किएरेन. चौथ्या-पाचव्या रूपात 'कि'चा 'के' का होतो, ते काही मला कळलं नाही. तो त्यांच्या घरातला मामला समजून मी सोडून दिला आणि पाढे म्हणावेत तसं सकाळी ओट्यावर बसून घोकायला लागलो. घोकण्यात मी पहिल्यापासून हुशार. समजण्यात जरा मागे.

आमच्या शेजारच्या आक्का रोज त्या वेळी अंगणात सडा टाकायच्या. चार-पाच दिवस ऐकून घेतलं आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलंच, "भाऊ, हाई कोनता देवनं शे?"

मी काही बोलायच्या आत आतून बायको म्हणाली, "स्पेनच्या देवाचं, आक्का. प्रसन्न झाला तर विमानात बसवतो."

आक्कांनी भक्तिभावानं हात जोडले. मी बायकोवर डोळे वटारले. ती जळगावची, बी.एस्सी., आणि माझ्यापेक्षा जास्त मार्कांची. हे आमच्या नात्यागोत्यात कुणी बोलून दाखवत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. पोळ्या लाटता लाटता ऐकून ऐकून तिला ती रूपं माझ्याआधी पाठ झाली. मी अडखळलो की आतून आवाज यायचा, "केरेइस! 'तुम्ही'चं केरेइस!" मला तिचा भयंकर राग यायचा.

घोकताना एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली, आणि तेवढ्यापुरता मी स्वतःवर खूश झालो. आपल्याकडे कुणाला पाहिजे, यावरून 'पाहिजे'चं रूप बदलत नाही. मला पाहिजे, तुला पाहिजे, त्यांना पाहिजे, सगळ्यांना एकच. ती वस्तूच पाहिजे असते, आपण नुसते बाजूला उभे. स्पॅनिशमध्ये माणूस स्वतः पुढे होऊन 'पाहिजे' करतो, जसा खातो, जातो, तसा. मी हे बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "बरं मग? तुम्हाला करता येईल का तसं?" मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे!

दिवाळी झाली आणि साहेब आला. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला, हसरा माणूस. आम्ही हार-नारळ घेऊन गेटवर उभे. हार घालून झाल्यावर मी पुढे झालो आणि दोन महिने पाठ केलेलं वाक्य खणखणीत आवाजात टाकलं, "क्वे क्विएरे उस्तेद?" आपल्याला काय पाहिजे, असं विचारायचं होतं मला. साहेब माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो खांदे गदागदा हलवत हसला. "के," तो म्हणाला, "के किएरे!" इंग्रजीतला क्वीन, क्वेश्चन जसा वाचतात, तसा मी सगळ्या क्रियापदाचा उच्चार करून बसलो होतो; वर तुम्हाला सांगितले ते उच्चार नंतर सुधारलेले. दोन महिने आख्खी गल्ली चुकीचं स्तोत्र ऐकत होती.

"काय म्हणाले?" शेटजींनी विचारलं.

"प्रवास सुखाचा झाला म्हणतात."

पण माणूस देवासारखा. त्यानं मला जवळ बसवून सगळे उच्चार घासूनपुसून दिले. महिन्याभरात माझी गाडी बऱ्यापैकी चालायला लागली. मशीनचं काम सुरू झालं, मी दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होतो, आणि साहेब येताजाता माझ्या पाठीवर थाप मारत होता. कारखान्यात लोक मला 'स्पेनवाले' म्हणायला लागले. बायकोनं माहेरी कळवून टाकलं. आमच्या गल्लीत मी गेल्यातच जमा होतो. आक्कांनी तर येताना तिथल्या देवाचं तीर्थ आणायला सांगितलं. मी सगळ्यांना एकच सांगायचो, "अजून कशात काही नाही हो. पाठवलं तर जाऊ." आणि घरी आलो की ट्रंकेवर चढून माळ्यावरची बॅग ठीक आहे ना ते बघायचो.

शेटजींना हुरूप आला. त्यांनी फर्मान काढलं, की सगळ्या कामगारांनी थोडं थोडं स्पॅनिश शिकायचं आणि मी शिकवायचं. दुपारच्या चहानंतर कँटीनमध्ये वर्ग भरायचा. मी स्टुलावर, बाकीचे बाकांवर, आणि सगळे मिळून 'किएरो, किएरेस, किएरे'. त्या वर्गात एकच माणूस मला नकोसा व्हायचा, तो म्हणजे आमचा स्टोअरकीपर. चाळीसगावचा, माझ्याच वयाचा, आवाज असा की मशीन चालू असतानाही ऐकू यावा. त्याला मागायची म्हणून लाज नव्हती. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढे गेला तर हा त्याला नावानं हाक मारून मागे बोलवायचा आणि ताटातली जागा बोटानं दाखवायचा. वर्गाला तो चहासाठी यायचा. सहा रूपांपैकी पहिलं शिकला आणि तिथंच थांबला.

"बाकीची कोण पाठ करणार?" मी विचारलं.

"मला माझ्यापुरतं बास आहे, गुरुजी. त्यांना काय पाहिजे ते त्यांचं ते बघतील ना!"

सगळा वर्ग हसला. आणि हा बाबा ते एक रूप घेऊन कारखानाभर फिरायचा. साहेबासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "किएरो सिगारेट." साहेब द्यायचा. "किएरो" म्हणत साहेबाच्या टोपीकडे बोट दाखवलं, तर साहेबानं टोपीही दिली. मी शरमेनं अर्धमेला व्हायचो. म्हटलं, हा माणूस खान्देशची अब्रू चाललाय स्पेनच्या वेशीला टांगायला.

साहेब दर रविवारी एस.टी.डी. बूथवरून घरी फोन करायचा. मी सोबतीला असायचोच. एकदा शेटजीही आले. बोलणं संपताना साहेब फोनमध्ये मोठ्यानं म्हणाला, "ते किएरो!" आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणत होता?" शेटजी.

"बायकोला सांगत होते, मला तू पाहिजेस."

शेटजी लाल झाले. "इथं? बूथमध्ये? एवढ्या मोठ्यानं?" बूथवाला उगाच वही चाळायला लागला. त्यांच्याकडे जीव लावायलाही हेच क्रियापद लागतं, हे साहेबानं मला नंतर समजावून सांगितलं. त्या दिवशी आपणही घरी जाऊन असं काहीतरी बोलायचं, असं मी ठरवलं. सायकल लावली, हातपाय धुतले, जेवायला बसलो आणि भाजीत मीठ कमी आहे एवढं बोलून झोपलो.

आता आग्रहाचं सांगतो. साहेबाला जेवायला बोलवायची कारखान्यात चढाओढ लागली होती. कुणाकडे वरण-बट्टी, कुणाकडे मांडे, कुणाकडे तर्री आलेली शेवभाजी. आमच्याकडे पाहुण्यानं पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, ही रीत. लगेच 'हो' म्हणणारा हावरट ठरतो. यजमानानं तो 'नको' कानाआड करायचा. पाहुण्यानं पुन्हा 'नको' म्हणायचं, ताटावर हात आडवा धरायचा. यजमानानं बोटांच्या फटीतून तूप सोडायचं. मग पाहुणा "अहो, काय हे!" म्हणतो आणि खातो. दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त साहेबाला. तो बिचारा पोट भरलं की मनापासून 'नो' म्हणायचा, आणि त्याच्या त्या 'नो'वर माणसं तुटून पडायची. "घ्या ना साहेब, आखो एक घ्या!" मीच भाषांतर करायचो, तेही भर घालून.

एका रविवारी बट्टीवर तूप, त्याच्यावर आणखी बट्टी असं झालं आणि साहेब अंथरुणाला खिळला. मशीन बंद. शेटजींचा जीव वरखाली. बरा झाल्यावर साहेबानं मला समोर बसवलं आणि हात जोडून, अगदी काकुळतीला येऊन सांगितलं, की बाबा रे, माझा 'नको' हा खरा 'नको' असतो, एवढं तुझ्या लोकांना समजावून सांग. हे वाक्य तुमच्या भाषेत कसं म्हणायचं तेही मला शिकव.

मग काय! मला भाषण करायची संधी मिळाली. दुपारी कँटीनमध्ये स्टुलावर उभा राहिलो. म्हणालो, "मंडळी, आपल्या या अडाणी चालीरीतींनी साहेबांचा जीव घेतला असता. आजपासून कारखान्यात नियम असा: नको म्हणजे नको. एकदा विचारायचं, पुन्हा विचारायचं नाही. साहेबही आपल्याशी असंच वागतील." शेजारी उभ्या साहेबानं मान डोलावली आणि मी शिकवलेलं मराठी वाक्य हसत हसत म्हणून दाखवलं, "नको म्हंजे नको." टाळ्या पडल्या.

मागून स्टोअरकीपरनं हात वर केला. "गुरुजी, मग ज्याला खरंच पाहिजे असेल, त्यानं काय करायचं?"

"त्यानं पहिल्यांदाच हो म्हणायचं," मी फटकारलं. "एवढं साधं कळत नाही का तुम्हाला?"

थंडी सरत आली तसं मशीनचं काम संपलं. साहेबाच्या निरोपासाठी शेटजींनी जळगावच्या पुढे, भुसावळच्या वाटेवरच्या आपल्या शेतात भरताची पार्टी ठेवली. आम्ही सगळे टेम्पोनं गेलो. मी आदल्या दिवशी केस कापून घेतले होते आणि लग्नातला शर्ट घातला होता. टेम्पोत जो तो मला चिडवत होता, "काय स्पेनवाले, तिथं गेल्यावर ओळख ठेवाल ना?" मी मान खाली घालून हसत होतो. सासरी निघालेल्या पोरीनंही एवढं लाजू नये.

शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळल्या. सगळे पोटभर जेवले. साहेबानं एकदा 'नको' म्हटल्यावर कुणी दुसऱ्यांदा वाढलं नाही. मला माझ्या भाषणाचा अभिमान वाटला. मग साहेब उठून उभा राहिला आणि बोलायला लागला. भाषांतराला अर्थातच मी.

त्यानं सगळ्यांचे आभार मानले, मी ते मराठीत पोचवले. त्यानं वांग्याची स्तुती केली, मी ती पोचवली. मग तो म्हणाला, की इथून एक माणूस माझ्याबरोबर यायचा आहे, आणि मी खूप विचार केलाय. हे पोचवताना माझा आवाज चिरकला. सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब माझ्याकडे वळला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ विचारलं, "किएरेस वेनीर?"

तुला यायचंय का?

हे मात्र मला कुणाला पोचवायचं नव्हतं. हे माझ्यासाठी होतं. आणि मी, स्पॅनिशचा गुरुजी, सहाच्या सहा रूपं झोपेत म्हणणारा मी, मान वाकडी केली, छातीवर हात ठेवला, जमिनीकडे बघून गोड हसलो आणि म्हणालो, "नो, नो."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मराठीत वर जोडलं, "मी कशाला? माझ्यापेक्षा मोठी मोठी माणसं आहेत इथं."

खान्देशातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, याचा अर्थ काय. याचा अर्थ, मी बॅग भरून बसलोय, फक्त आणखी एकदा विचारा. आजूबाजूची माणसं तेच समजली. "अहो, जा हो! लाजता काय!" दोन-चार जण ओरडले. पण ते मराठीत ओरडले, आणि मराठी साहेबाला कळत नव्हती. म्हणजे एक वाक्य सोडून. त्याचा चेहरा उतरला. पुन्हा विचारावं असं त्याच्या मनात होतं, मी शपथेवर सांगतो, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यानं स्वतःला आवरलं, बोट वर केलं आणि फार मोठा मान दिल्यासारखं, हळूहळू, एकेक शब्द तोलत म्हणाला, "नको म्हंजे नको."

लोकांना वाटलं, साहेब गंमत करतोय. ते हसले. मी हसलो.

साहेबानं सगळ्यांकडे वळून काहीतरी विचारलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे ते पोचवायचंही मलाच होतं! मी पोचवलं. "साहेब विचारतात, मग कोणाला यायचंय?"

वाक्य पुरतं व्हायच्या आत पंगतीच्या टोकावरून, तोंडात पुरी असतानाच दणदणीत आवाज आला, "किएरो!"

ठरलं. स्टोअरकीपर उठला, पुरीचा हात पँटीला पुसला आणि साहेबाला मिठीच मारली. मी त्या वेळी मध्ये पडून सांगू शकलो असतो, की थांबा, माझं चुकलं, मलाही यायचंय. शब्द जिभेवर होते. पण चारचौघांत 'नको' म्हटलेलं ताट पुन्हा ओढून घ्यायचं, हे मला जन्मात जमलं नसतं. तेव्हा मी स्टोअरकीपरचं अभिनंदन केलं, त्याचं आभाराचं भाषण साहेबाला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि ते चांगलं व्हावं म्हणून त्यात स्वतःच्या पदरची दोन वाक्यंही घातली.

परत निघताना शेटजींनी मला जवळ घेतलं. "मोठ्या मनाचे हो तुम्ही! दुसऱ्याला संधी दिलीत." ते बोलत राहिले आणि मी मान डोलावत राहिलो.

धुळ्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. टेम्पोतून कोपऱ्यावर उतरलो आणि मुद्दाम लांबच्या रस्त्यानं घरी गेलो. बायको दारातच होती. माझ्याकडे बघून तिला काहीतरी कळलं, पण ती विचारायची थांबली नाही.

"ठरलं?"

"ठरलं. स्टोअरवाला जातोय."

"त्याला निवडलं?"

"नाही. आधी मलाच विचारलं होतं."

"मग?"

मी काय घडलं ते सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, निदान ही तरी समजून घेईल, चुकचुकेल, चहा टाकेल. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला जायचं होतं की नव्हतं?"

"होतं," मी म्हणालो. आणि काय झालं कोण जाणे, मला रडू आलं. चांगला बाप्या माणूस, लग्नातला शर्ट घालून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रडलो. "फार जायचं होतं गं."

ती परातीतलं पीठ सारखं करत म्हणाली, "तुम्हाला निदान एकदा विचारलं तरी."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

मी चिडलो. आधीच जळलेला होतो. म्हटलं, इथं माझं एवढं गेलं आणि हिला भलतंच सुचतंय. तावातावानं म्हणालो, "बरं, विचारतो. सांग, तुला काय पाहिजे?"

आता ती 'मला काही नको' म्हणेल आणि विषय संपेल, याची मला खात्री होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला बी.एड. करायचंय. जळगावला. या जूनपासून."

एका दमात. जळगावच का, हेही तिनं न विचारता सांगितलं. इथं राहिली तर घरचं सगळं आवरून कॉलेजला पळावं लागणार. तिथं तिची आई करून घालणार होती आणि तिला नुसता अभ्यास करता येणार होता. उत्तर इतकं तयार होतं, की ते किती दिवस आत पडून असेल, हे माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि मी तिला कुठली भाजी करू नकोस एवढंच काय ते सांगितलं होतं.

"आणि इथलं घर? माझं जेवणखाण?" हे मीच विचारलं. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी.

"तुम्ही स्पेनला जाणार होतात, तेव्हा मी इथं एकटी राहणारच होते ना? जमेल का, असं कुणी विचारलं होतं मला? आता तुम्ही राहा."

मी "बरं" म्हणालो. मनात भीती होती, पण म्हणालो. ती अजून माझ्याकडे बघत होती, म्हणून पुन्हा म्हणालो, "हो. जा तू."

जूनमध्ये मी तिला धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. जळगावची गाडी लागलेली, गर्दी ही अशी. मी खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, बॅग वर सरकवून दिली आणि खाली येऊन खिडकीपाशी उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली.

"करमेल ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

अशा वेळी पुरुषानं काय म्हणायचं असतं ते मला चांगलं माहीत होतं. हो, हो, माझं काय, तू तुझा अभ्यास कर. आसपासचे दहाजण कान देऊन ऐकत होते. पुढच्या खिडकीतला एक म्हातारा तर मान वळवून बघत होता.

"नाही," मी म्हणालो, मोठ्यानं. "अजिबात नाही करमणार."

ती हसली. गाडी हलली. खिडकीतून डोकं बाहेर काढून ती ओरडली, "मग शनिवारी या ना जळगावला!"

एकदाच म्हणाली. मी शुक्रवारीच गेलो.